तांबडी भाजी, दोन पेंड्या

बत्तीस वर्षं मी नोटा मोजल्या
म्हापशाच्या शाखेत, काचेमागे,
ओल्या स्पंजावर बोट टेकवत.
शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाजारात जायचो.
केळीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला
ती बसायची गोणपाटावर,
तांबड्या भाजीच्या पेंड्या उभ्या रचून,
केळीच्या सोपटानं बांधलेल्या,
मुळांना अजून खाजनाचा चिखल.

मी चार बोटं दाखवायचो.
ती चार पेंड्या पिशवीत टाकायची.
सुटे पैसे. संपलं.
अकरा वर्षांचा व्यवहार, त्यात शब्द
शंभर असतील नसतील.

ज्या शुक्रवारी मी पहिल्यांदा दोनच बोटं दाखवली
त्या दिवशी तिनं एक मुळाही घातला.
मी तो परत काढू लागलो, हिशेबात नव्हता.
"आसूं दी," ती म्हणाली, "मेजतना चुकलें."

यंदा पौषात तिची जागा रिकामी.
म्हणजे रिकामी नव्हे,
तिथं घाटावरून टेम्पोनं आलेला कोबी होता,
स्वस्त, गोल, एकसारखा.
मी बोटं वर करून उभा,
आणि विचारायचं तर कोणाला, काय नावानं?
शेवटी नारळवाला म्हणाला, कोरगावची ती?
पहाटेची बस बंद झाली तिची.

दोन बसा बदलून गेलो.
बांधापलीकडे मानशीच्या दारातून
भरतीचं पाणी अडल्याचा आवाज येत होता.
ती दोन हातांत दोन कळशा घेऊन वाफ्यातून चाललेली,
मला बघून थांबली, कळशा खाली न ठेवता म्हणाली,
"तीन पेंडयो न्हय? चली घरा आयल्या मगो?"

दिवाळीपासून मी तीन बोटं दाखवत होतो.

"आदीं चार आसल्यो. मागीर दोन जाल्यो.
हांवें विचारलें ना."

नाव शेवती.
एकसष्टाव्या वर्षी विचारलं मी ते.
माझं सांगू लागलो तर हसली,
कशाला, म्हणाली, तुमी दोन पेंडयो.

मी म्हटलं, आमच्या इमारतीत चौदा फ्लॅट आहेत,
गुरुवारी संध्याकाळी गाडी घेऊन येतो, मीच नेतो.
ती म्हणाली, "कोणाच्या घरांत कितलीं मनशां?"
मी मजले सांगितले, फ्लॅटचे नंबर सांगितले.
ती वाट बघत राहिली.

म्हणून परत येऊन घंट्या वाजवल्या,
बारा वर्षांत पहिल्यांदा.
तिसऱ्या मजल्यावरच्या गावकरांना देठ चावत नाहीत,
त्यांना नुसती पानं हवीत.
ब्रिजिदाबाईंना दोन, बोटीवरचा मुलगा सुटीवर आलाय.
तळमजल्यावरची हॉटेलात राबणारी आसामी पोरं म्हणाली,
मुळासकट द्या, कुंडीत लावून बघतो.
एकानं सांगितलं, आमच्याकडे दहा मिनिटांत येते मोबाइलवर,
आणि दार लावलं.
एकीनं भाव पाडायला घेतला, तेव्हा मी तिला
एका वाफ्याला रोज किती कळशा लागतात ते सांगितलं.
आकडे माझ्या लक्षात राहतात.

पेंड्या मात्र मला बांधता येत नाहीत.
शेवती वाफ्यावर बसून शिकवते,
सोपट ओलं हवं, गाठ नको, नुसता पीळ.
माझ्या पेंड्या जिन्यातच सुटतात,
दुसऱ्या मजल्यापर्यंत तांबडी पानं सांडलेली.
झाडूवाली बोलते, मी ऐकून घेतो.

गेल्या गुरुवारी ब्रिजिदाबाईंनी
दार अर्धं उघडून एक बोट दाखवलं.
बोटी कधी सुटतात मला माहीत नाही.
मी विचारलं नाही.

सकाळी त्या पिशवी घेऊन खाली आल्या,
हा मुळा कोणाचा?

मोजताना चुकलो, मी म्हणालो.